घरी कळलंय का? नामवंतांच्या निधनाची बातमी देण्याआधीची कामं

२२ एप्रिल २०२१च्या रात्री इंदूरच्या सुमित्राताई महाजन गेल्याची बातमी देशभर फिरली. शशी थरूर यांनी ट्विटरवर श्रद्धांजली वाहिली, काही वाहिन्यांनी पट्टी चालवली. ताई हयात होत्या. भाजपचे नेते कैलाश विजयवर्गीय यांनी त्या ठीक असल्याचं लिहिल्यावर थरूर यांनी मजकूर काढून टाकला, आणि विश्वासार्ह वाटलेल्या माणसाकडून ही माहिती मिळाली होती असं सांगितलं. ताईंनी नंतर विचारलेला प्रश्न साधा होता: इंदूरच्या प्रशासनाला एकदाही न विचारता वाहिन्यांनी हे चालवलं कसं? आठ वेळा इथून निवडून गेलेल्या, २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष राहिलेल्या बाईंच्या जवळच्या माणसांचे फोन नंबर या गावात शेकडो लोकांकडे आहेत. एक फोन पुरला असता.

ती बातमी खोटी होती, म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहिली. तितकीच मोठी दुसरी चूक मात्र कुणी मोजत नाही. बातमी खरी असते, पण घरच्यांच्या आधी सुटते. तिथे दुरुस्ती छापावी लागत नाही, कुणी खुलासा मागत नाही, आणि बातम्यांच्या डेस्कवर ‘आपण पहिले’ म्हणून समाधान असतं. घरात मात्र कुणाला तरी वडील गेल्याचं मोबाइलच्या पडद्यावर वाचायला मिळालेलं असतं.

इंदूरच्या मराठी घराची मांडणी डोळ्यापुढे आणा. आई रामबागेत, मुलगी पुण्यात, मुलगा अमेरिकेत. इथे सकाळचे अकरा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्याच्या दिवसांत रात्रीचा दीड असतो. तुम्ही साडेदहाला बातमी टाकली, तर मुलगा उठेल तेव्हा त्याच्या फोनवर ओळखीच्या पंचवीस जणांनी वाहिलेली श्रद्धांजली असेल. बहिणीचा फोन त्यानंतर दिसेल.

हा मजकूर डेस्कवरच्या लोकांसाठी आहे, एकट्याने यूट्यूब वाहिनी चालवणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांच्या एका निरोपावर गावातली निम्मी मराठी मंडळी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहू लागतात अशा संस्थांच्या चिटणिसांसाठीही आहे. नामवंत म्हणजे फक्त मुंबईचे नट नव्हेत. जुना रणजीपटू, संगीत महाविद्यालयातल्या निवृत्त बाई, नावाजलेले डॉक्टर, कीर्तनकार, यांच्या बातमीचा वेग गावात तेवढाच असतो आणि पडताळणी मात्र कमी होते.

दोन प्रश्न, दोन वेगळी उत्तरं

पहिला प्रश्न: माणूस खरंच गेला का? दुसरा: जवळच्या सगळ्यांना कळलं का? बहुतेक डेस्कवर पहिल्याचं उत्तर मिळालं की बटण दाबलं जातं. पहिल्याचं ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘माहीत नाही’ असेल, तर बातमी अजून तयार झालेली नाही, असा नियम भिंतीवर लिहून ठेवा.

ब्रिटनच्या प्रसारण नियामकाच्या, ऑफकॉमच्या, संहितेत हे स्पष्ट आहे. जवळच्या नातेवाइकांना कळल्याची खात्री होईपर्यंत मृताची ओळख उघड होऊ नये याची काळजी घ्यायची, अपवादाला ठोस कारण हवं. आपल्याकडे प्रेस कौन्सिलच्या आचारनियमांत खाजगी दुःखाच्या क्षणी छायाचित्रांसाठी घुसखोरी टाळा असं सांगितलं आहे. पण ‘आधी घरच्यांना’ ही अट आपल्या बातमीच्या खोल्यांत मुरलेली नाही. ती आपण आपल्या डेस्कवर घालून घ्यायची.

निरोप आला: पहिली दहा मिनिटं

सर्वात आधी लिहून घ्या. फोन खाली ठेवल्यावर आठवून लिहिलेलं चालत नाही. वहीत सहा रकाने आखा: वेळ, कुणी सांगितलं, त्याला कसं कळलं, आपण कुणाला विचारलं, उत्तर काय आलं, घरी कळलं का. शेवटच्या रकान्यात तीनच शब्द चालतील: हो, नाही, माहीत नाही. ‘कळलं असेलच’ हे उत्तर नव्हे.

सांगणाऱ्याला पाच गोष्टी विचारा. तुम्ही स्वतः पाहिलंत की कुणी सांगितलं? कुणी? किती वाजता? नेमकं कुठे? त्या वेळी घरचं कोण हजर होतं? वरचे दोन प्रश्न ही बातमीची दोन कुलपं, आणि हा शेवटचा प्रश्न दोन्ही कुलपं एकदम तपासतो. ‘मोठा मुलगा तिथेच होता, धाकटा मुंबईहून निघालाय’ असं उत्तर आलं तर मृत्यूलाही वजन येतं आणि कुणाला कळायचं बाकी आहे तेही समजतं.

रुग्णालयातून येणारे कच्चे निरोप नीट ओळखा. वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचा चालक, बाहेरच्या औषधाच्या दुकानातला मुलगा, हे मुद्दाम खोटं बोलत नाहीत. त्यांनी जे पाहिलं त्याचा अर्थ चुकतो. ‘कोड ब्लू’ पुकारला म्हणजे माणूस गेला असं नाही. हृदय किंवा श्वास थांबल्यावर धावून येणाऱ्या पथकाला दिलेली ती हाक आहे, आणि काही जण त्यातून परत येतात. अतिदक्षता विभागाबाहेर घरचे रडताहेत म्हणजे डॉक्टरांनी गंभीर स्थिती सांगितली असू शकते. बिल भरण्याची धावपळ, दुसऱ्या रुग्णालयात हलवणं, यातलं काहीच पुरावा नाही.

त्यापुढची चूक म्हणजे एकाच्या पाच करणं. पाच संकेतस्थळांवर बातमी दिसली की डेस्क म्हणतं, पाच ठिकाणी आहे. प्रत्येक ठिकाणी ‘कुणी सांगितलं’ हे वाक्य शोधा. पाचही एकाच ट्वीटकडे बोट दाखवत असतील तर तुमच्याकडे स्रोत एकच आहे, आणि तो बहुतेक वेळा ऐकीव असतो. मोठ्या माणसाची श्रद्धांजली हा तर पुरावा मुळीच नव्हे. मार्च १९७९मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत जयप्रकाश नारायण गेल्याचं जाहीर केलं होतं. जयप्रकाशजी हयात होते. त्यांचं निधन त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला झालं. पंतप्रधानांनाही कुणी तरी सांगितलेलं असतं. म्हणून पद कितीही मोठं असो, ‘तुम्हाला कसं कळलं’ हा प्रश्न सुटत नाही.

दोन स्वतंत्र दुजोरे हवेत, आणि त्यातला एक पुढच्यांपैकीच असावा: घरचा माणूस, घरच्यांनी नेमलेला प्रवक्ता, नाव देऊन बोलणारा उपचार करणारा डॉक्टर किंवा रुग्णालयाचं पत्रक, अपघात असल्यास तपास अधिकारी. लता मंगेशकर यांच्या वेळी हा फरक नीट दिसला. इंदूरला २८ सप्टेंबर १९२९ रोजी जन्मलेल्या दीदी जानेवारी २०२२मध्ये मुंबईच्या रुग्णालयात होत्या, तेव्हा अफवा इतक्या उठल्या की अफवा पसरवू नका असं घरच्यांच्या वतीने सांगावं लागलं. ६ फेब्रुवारीला त्या गेल्या तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पुढे येऊन वेळ, म्हणजे सकाळी ८ वाजून १२ मिनिटं, आणि कारण, म्हणजे अनेक अवयव निकामी होणं, दोन्ही सांगितलं. नाव, वेळ, जागा, कारण, आणि घरचे हजर. दुजोरा म्हणतात तो असा.

व्हेंटिलेटर, कोमा, ब्रेन डेड

सर्वाधिक चुका याच तीन शब्दांपाशी होतात, म्हणून इथे जरा थांबू.

नोव्हेंबर २०२२मध्ये विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात होते. २३ तारखेच्या रात्री ते गेल्याच्या बातम्या सुटल्या, नामवंतांनी श्रद्धांजली वाहिली. ते कोमात आहेत, व्हेंटिलेटरवर आहेत, गेलेले नाहीत, हे सांगायची वेळ पत्नीवर आली. त्यांचं निधन २६ नोव्हेंबरला झालं. नवऱ्याच्या उशाशी बसायच्या त्या तासांत त्यांना पत्रकारांचे फोन घ्यावे लागले. १७ ऑगस्ट २०२० रोजी दिग्दर्शक निशिकांत कामत यांच्या बाबतीतही हेच झालं. श्रद्धांजल्या सुरू झाल्यावर रितेश देशमुख यांना लिहावं लागलं की ते व्हेंटिलेटरवर झुंजताहेत. त्याच दिवशी दुपारनंतर हैदराबादच्या रुग्णालयाने निधन जाहीर केलं. काही तासांनी खरी ठरणारी बातमी त्या क्षणी खोटीच असते. नोव्हेंबर २०२५मध्ये धर्मेंद्र यांच्या वेळी पुन्हा तेच: ११ तारखेला वाहिन्यांनी निधन जाहीर केलं, हेमा मालिनी आणि ईशा देओल यांनी जाहीर संताप व्यक्त केला, दुसऱ्या दिवशी ते घरी गेले. निधन झालं २४ तारखेला.

आता अर्थ. व्हेंटिलेटर हा श्वासाला आधार आहे. कोमा म्हणजे शुद्ध नाही, माणूस जिवंत आहे. ब्रेन डेड, म्हणजे मेंदूमृत, हा शब्द मात्र वेगळा आहे. भारतात १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करतं, आणि दोन्हींत मेंदूचं कार्य थांबल्याचं ठरलं तरच मेंदूमृत्यू प्रमाणित होतो. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या तपासणीच्या मध्ये निदान सहा तासांची फट असते, आणि गळती नेमकी तिथेच होते. कुणी तरी ‘डॉक्टर म्हणाले ब्रेन डेड’ एवढंच ऐकतो आणि बाहेर सांगतो. घरचे अजून दुसऱ्या तपासणीची वाट पाहत असतात, कदाचित अवयवदानाचा निर्णय घेत असतात.

इंदूरला हे आणखी जपायला हवं. अवयवदान इथे रुजलेलं आहे, ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे अवयव वेळेत पोचावेत म्हणून मोकळे केलेले रस्ते, अनेकदा झाले आहेत, आणि रस्ता मोकळा केल्याचं लगेच सगळ्यांना दिसतं. कॉरिडॉरच्या बातमीत ‘शहरातील प्रसिद्ध व्यापारी’, ‘नाट्यकर्मी’ अशी ओळख, सोबत वय आणि वसाहत घातली, की नाव न छापताही नाव छापल्यासारखं होतं. घरच्यांनी स्वतः नाव जाहीर करेपर्यंत फक्त अवयव, रुग्णालयं आणि मार्ग एवढंच द्या.

घरी कळलं का, हे घरी फोन न करता कसं शोधायचं

घरच्या नंबरावर पहिला फोन करू नका. फोन कुणी उचलेल हे तुमच्या हातात नाही: ऐंशी वर्षांची आई, नातवंड, किंवा अजून काहीच न कळलेली पत्नी. क्रम असा ठेवा. आधी रुग्णालयाचा जनसंपर्क अधिकारी किंवा वैद्यकीय अधीक्षक. मग त्या माणसाचा सचिव, व्यवस्थापक किंवा शिष्य. मग ज्या संस्थेशी संबंध होता तिचा चिटणीस. मग व्याही, मेहुणे, चुलत घरातला जबाबदार माणूस. प्रत्येकाला आधी ‘अधिकृत माहिती कोण देणार आहे’ हे विचारा. मृत्यूचा उल्लेख आपल्या तोंडून जाऊ द्यायचा नाही.

फोनवरचं वाक्य आधीच ठरलेलं असावं, कारण घाईत तोंडून भलतंच निघतं. असं म्हणा:

‘नमस्कार, मी अमुक दैनिकातून बोलतोय. सरांच्या तब्येतीबद्दल घरच्यांच्या वतीने कोण बोलणार आहे, ते सांगाल का? मी त्यांच्याशीच बोलेन, तुम्हाला परत त्रास देणार नाही.’

‘श्रद्धांजलीचे दोन शब्द द्याल का’ हे कधीही पहिलं वाक्य असू नये. ‘काही वाईट बातमी आली का?’ हेही नको. ऐकणाऱ्याला त्यातच सगळं कळतं.

आणि पलीकडच्या माणसाला काहीच माहीत नाही असं आवाजावरून जाणवलं तर? तुम्ही सांगू नका. पण खोटंही बोलू नका. ‘ते बरे आहेत ना, सहज केला’ असं बोलणं हा नंतर आयुष्यभर आठवणारा विश्वासघात ठरतो. ‘मी कार्यालयातून माहिती घेतोय, माझ्याकडे सांगण्यासारखं पक्कं काही नाही, नंतर बोलतो’ म्हणून थांबा. लगेच रुग्णालयाला किंवा पोलिसांना कळवा की अमक्या घरी अजून निरोप पोचलेला नाही. पत्रकाराने पोलिसांना द्यावी अशी ही माहिती आहे, आणि ती दिल्याने काही वेळा निरोप माणसाच्या तोंडून, घरी जाऊन दिला जातो.

‘घरचे’ म्हणजे कोण, हेही ठरवून घ्या. पती किंवा पत्नी, मुलं, आई-वडील, सख्खी भावंडं, एवढ्यांना कळल्याचं कुणी तरी जबाबदारीने सांगितलं की दुसरं कुलूप उघडलं. चुलत-मावस सगळ्यांना कळेपर्यंत थांबणं शक्य नसतं, आणि तशी अपेक्षाही नसते. परदेशातला मुलगा विमानात असेल तर घरचेच सांगतात, ‘तो उतरेपर्यंत थांबा.’ थांबा. दिल्लीहून इंदूर विमानाने दीड तासाच्या आसपास, अमेरिकेहून एक दिवस. दीड तास कुठल्याही बातमीला परवडतो. पूर्ण दिवस थांबणं कठीण असतं, तेव्हा घरच्यांना मोकळेपणाने सांगा की अमुक वाजेपर्यंत आम्ही धरू, आणि ती वेळ पाळा.

अपघात: नाव न घेता नाव सांगितलं जातं

२६ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेत बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचं हेलिकॉप्टर कोसळलं. एका करमणूक संकेतस्थळाने पोलिसांच्या दुजोऱ्याआधी त्यांचं नाव फोडलं. घरच्यांना असं काही संकेतस्थळावरून कळणं हा घोर अनादर आहे, असं तिथल्या शेरीफने, म्हणजे पोलीसप्रमुखाने, पत्रकार परिषदेत म्हटलं. ब्रायंट यांच्या पत्नीने पुढे न्यायालयीन दाव्यातल्या जबाबात सांगितलं की फोनच्या पडद्यावर श्रद्धांजलीच्या सूचना येताना त्यांनी पाहिल्या. त्या अपघातात नऊ जण गेले, त्यात त्यांची मुलगी होती. एका वाहिनीच्या वार्ताहराने ब्रायंट यांच्या चारही मुली हेलिकॉप्टरमध्ये होत्या असं सांगितलं, ते चुकीचं होतं आणि त्याला निलंबित केलं गेलं. पहिल्या नावाच्या घाईत उरलेल्या आठ जणांच्या घरांचा विचारच झाला नाही. प्रसिद्ध माणसाबरोबर जो अप्रसिद्ध माणूस गेला, त्याच्याही आईला आधी कळायला हवं.

आपल्याकडचं उदाहरण १२ जून २०२५चं. अहमदाबादहून निघालेल्या एअर इंडियाच्या विमानात गुजरातचे माजी मुख्यमंत्री विजय रूपाणी होते. प्रवाशांची यादी लगेच फिरली. त्या विमानात २४२ जण होते आणि त्यातला एक प्रवासी वाचला. यादीत नाव असणं म्हणजे ‘विमानात होते’ एवढंच, ‘गेले’ नव्हे. त्या एका माणसाच्या घरच्यांनी यादी वाचून काय सोसलं असेल याचा विचार करून हे वाक्य लक्षात ठेवा. रूपाणी यांची डीएनए ओळख १५ जूनला पटली.

ए. बी. रोडवर किंवा बायपासवर अपघात होतो तेव्हा गळतीच्या जागा ठरलेल्या असतात. गाडीची नंबर प्लेट, विशेषतः खास नंबर. काचेवरचं संस्थेचं किंवा पक्षाचं स्टिकर. जवळ पडलेला फोन, बॅग, तबल्याची पेटी. गावाला ओळखीची गाडी असेल तर एका फोटोत सगळं कळतं. म्हणून शिनाख्त होऊन, म्हणजे मृताची ओळख पटून, घरी निरोप जाईपर्यंत गाडीचे जवळचे फोटो वापरू नका; वापरायचेच तर नंबर आणि स्टिकर झाका. शिवाय गाडी ज्याच्या नावावर, तोच आत होता असं समजू नका. भाचा गाडी घेऊन गेलेला असतो, चालक एकटा असतो.

पोलिसांकडून तीन गोष्टी विचारा: मर्ग (आकस्मिक मृत्यूची पोलिसांतली नोंद) कायम झाला का, शिनाख्त कुणी केली, घरच्यांना कोणत्या ठाण्यातून कळवलं. एम. वाय. रुग्णालयाच्या शवविच्छेदन कक्षाबाहेर घरचा माणूस पोचला असेल तर बहुधा निरोप गेलेला असतो, तरी विचारून खात्री करा. कधी कधी तिथे आलेला माणूस फक्त सहकारी असतो.

दुसऱ्यांनी दिली, आता?

संपादकाचा फोन येतोच. उत्तर तयार ठेवा: वहीतला शेवटचा रकाना ‘हो’ झाला की आपण देतो. दर पंधरा मिनिटांनी एकदा पडताळणी करायची आणि वेळ लिहायची, म्हणजे थांबणं हे आळस नव्हे, काम आहे हे दिसतं.

‘निधनाच्या अफवा, कुटुंबाकडून दुजोरा नाही’ अशी बातमी मधला मार्ग म्हणून दिली जाते. ती देऊ नये असं आमचं ठाम मत आहे. शीर्षकात नाव आणि निधन शेजारी आले की वाचणाऱ्याच्या मनात ‘दुजोरा नाही’ हे शब्द उरत नाहीत, आणि पुढे पाठवताना तर फक्त शीर्षकच जातं. घरच्यांनी खंडन केलं असेल तेव्हाच लिहा, आणि तेव्हा शीर्षकाची सुरुवात ‘प्रकृती स्थिर, कुटुंबीयांची माहिती’ अशी करा.

अपवाद थोडेच. हजारो लोकांसमोर, मंचावर किंवा मैदानात मृत्यू झाला आणि तिथल्याच डॉक्टरांनी जाहीर केला. किंवा शासनाने अधिकृतपणे सांगितलं. तेव्हाही देहाचे फोटो धरून ठेवता येतात.

पहिला मजकूर

पहिल्या बातमीत फक्त खात्रीच्या गोष्टी: नाव, वय, जागा, वेळ, कुणी सांगितलं. जसं: ‘ज्येष्ठ गायक अमुक यांचं आज सकाळी इंदूरमध्ये निधन झालं, असं त्यांच्या मुलाने सांगितलं. ते ७८ वर्षांचे होते.’ वय जन्मतारखेवरून काढा, जुन्या बातमीतून उचलू नका; वाढदिवस यायचा असला तर एक वर्षाची चूक हमखास होते.

कारण फक्त घरचे किंवा रुग्णालय सांगतील तेच. ‘दीर्घ आजाराने’ हे शब्दसुद्धा अंदाजाने लिहू नका, काही घरं आजार लपवतात आणि तो त्यांचा हक्क आहे. फेब्रुवारी २०१८मध्ये श्रीदेवी यांच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी स्नानगृहाचे देखावे उभे केले. मृत्यू अपघाती बुडण्याने झाल्याचं दुबईच्या यंत्रणेने सांगितलं, पण तोवर घरच्यांनी काय काय पाहिलं असेल याचा विचार करा. कायद्याचाही एक कोपरा लक्षात असू द्या: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे, घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृताबद्दल बदनामीकारक आरोप केला तर तीही बदनामी ठरू शकते.

भाषा साधी ठेवा. ‘धक्कादायक’, ‘खळबळ’, ‘शेवटच्या क्षणी काय म्हणाले’ नको. ‘निधन’ हा शब्द पुरतो. सूचनेचं बटण, म्हणजे सगळ्यांच्या फोनवर एकदम जाणारा संदेश, बातमी टाकणाऱ्याच्या हातात नसावं. दुसऱ्या माणसाने वही पाहून मग दाबावं. मजकूर बदलता येतो, फोनवर गेलेली सूचना परत घेता येत नाही.

आत्महत्येची शंका असेल तर प्रेस कौन्सिलने १३ सप्टेंबर २०१९ रोजी स्वीकारलेले निकष पाळा: पद्धत आणि जागेचा तपशील नाही, ठळक किंवा पुन्हा पुन्हा मांडणी नाही, फोटो-चित्रफिती नाहीत. चिठ्ठीचा मजकूर देऊ नका. खाली टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक द्या.

दारात कॅमेरा

घराच्या आत, जिन्यात, लिफ्टमध्ये चित्रण नाही. मुलांचे चेहरे नाहीत. पत्नीच्या तोंडासमोर माइक नाही. माहिती व प्रसारण मंत्रालयाने ९ जानेवारी २०२३च्या सूचनेत वाहिन्यांना मृतदेह आणि जखमींची विचलित करणारी दृश्यं दाखवण्याबद्दल बजावलं आहे, पण मंत्रालयाने सांगावं लागावं इतकी ही गोष्ट अवघड नाही. घरचा पत्ता छापू नका. अंत्ययात्रा किती वाजता निघणार, पंचकुईया की तिलक नगर मुक्तिधाम, उठावणा (अंत्यसंस्कारानंतरची शोकसभा) कधी, हे घरच्यांनी शोकपत्रिकेत दिलं तरच द्या, आणि दिलेल्या शब्दांतच द्या.

आधी लिहून ठेवलेले मृत्युलेख

वयोवृद्ध नामवंतांचे लेख तयार ठेवणं योग्यच आहे. मात्र १६ नोव्हेंबर २०२० रोजी फ्रान्सच्या आरएफआय या सार्वजनिक प्रसारकाच्या संकेतस्थळावर तांत्रिक चुकीने शंभराच्या आसपास हयात लोकांचे मृत्युलेख प्रसिद्ध झाले, त्यात पेले आणि राणी एलिझाबेथ होत्या. म्हणून हे लेख बातम्यांच्या प्रणालीत कच्चा मसुदा म्हणून ठेवू नका. वेगळ्या, कुलूपबंद फोल्डरमध्ये साधी मजकूर-फाइल, फाइलच्या नावात ‘प्रसिद्ध करू नये’, आणि तारीख-वेळ-कारण या जागी चौकोनी कंसात रिकामी जागा. दर सहा महिन्यांनी नावांचे उच्चार, वर्षं आणि पुरस्कार तपासा.

चूक झालीच तर

गुपचूप पुसू नका. पहिल्या पाच मिनिटांत मूळ मजकूर काढा, त्याच जागी ‘ही बातमी चुकीची होती, अमुक हयात आहेत, आम्ही क्षमा मागतो’ असं लिहा, आणि ज्या ज्या वाटेने बातमी गेली त्या प्रत्येक वाटेने दुरुस्ती पाठवा. सूचना गेली असेल तर दुरुस्तीचीही सूचना. मग संपादकाने स्वतः, लेखी, घरच्यांकडे क्षमा मागावी. त्यांच्याकडून उत्तराच्या फोनची अपेक्षा करू नये. बातमी खरी पण घाईची असेल तेव्हाही हीच क्षमा द्या, कुणी मागितली नसली तरी.

घरच्यांना दाद मागायची असेल तर डिजिटल बातम्यांच्या बाबतीत २०२१च्या नियमांप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाकडे तक्रार अधिकारी असायला हवा, आणि त्याने पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो. वृत्तपत्राविरुद्ध आधी संपादकाला लिहायचं, मग प्रेस कौन्सिलकडे जायचं. दैनिक आणि साप्ताहिकासाठी मुदत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांची.

घरच्यांसाठी आणि संस्थांसाठी

११ ऑगस्ट २०२०च्या सकाळी राहत इंदौरी यांनी स्वतः कोरोना झाल्याचं ट्विटरवर सांगितलं, आणि विनंती केली की मला किंवा घरच्यांना फोन करू नका, तब्येतीची खबर ट्विटर आणि फेसबुकवर मिळत राहील. त्याच दिवशी संध्याकाळी इंदूरच्या रुग्णालयात ते गेले. खबर कुठे मिळेल हे आधी सांगून ठेवणं हे घराला मिळालेलं फार मोठं संरक्षण असतं.

घरात कुणी गंभीर असेल तर एकच माणूस बोलणारा ठरवा, शक्यतो अतिदक्षता विभागाबाहेर न बसणारा. त्याचा नंबर रुग्णालयाला आणि दोन-तीन ओळखीच्या पत्रकारांना द्या. कुणाला कळवायचं त्या नावांची यादी कागदावर लिहा, पुढे फोन कोण करणार ते नाव लिहा, आणि शेवटच्या नावापुढे खूण झाली की मगच बोलणाऱ्याने दोन ओळींचं निवेदन सोडावं. गटांच्या प्रमुखांनी आणि चिटणिसांनी त्या दोन ओळी दिसेपर्यंत श्रद्धांजलीचा संदेश मसुद्यातच ठेवावा. आणि कुणी आधी टाकलाच तर तो काढून त्याला खाजगीत एवढंच विचारावं, ‘घरी कळलंय का?’